चालकाचा दोष नाही

आमच्या मंडळात निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आहे. मी एका कंपनीत अकाउंट्स बघतो, आखातात उम्म अल हस्समला राहतो आणि शब्द जरा बरे जुळवतो. एवढ्या भांडवलावर गेली अकरा वर्षं गणपती, कोजागिरी आणि दिवाळी पहाट माझ्या गळ्यात आहेत. मला ते आवडतं, हे आधीच कबूल करतो. टाळ्या पडल्या की बरं वाटतं.

मागच्या वर्षी मे महिन्यात तिकडे आपल्या सरहद्दीवर चार दिवस युद्ध झालं आणि इकडे आमच्या ग्रुपवर ते चार आठवडे चाललं. ज्यांनी घरातला उंदीर कधी मारला नाही ते ड्रोन आणि रडारवर बोलायला लागले. मीही बोललो. परक्या देशात व्हिसाच्या तारखा मोजत जगणाऱ्याला आपण कुणीतरी आहोत हे अधूनमधून ऐकावंसं वाटतं, आणि युद्ध ते फार झटपट ऐकवतं. शस्त्रसंधी झाल्यावर सगळ्यांनाच जरा ओकंबोकं वाटायला लागलं. तेव्हा आमचे अध्यक्ष जयेश म्हणाले, "आपण शौर्यसंध्या करू." जाहीर काही करणं बरं नव्हतं, म्हणून ते राहतात त्या जनाबियातल्या बंगल्यांच्या कंपाउंडमधलं क्लबहाउस ठरलं. गाणी, पडद्यावर चित्रफीत, आणि एका वीरपित्याचा सत्कार.

वीरपिता जवळच्याच तुबलीत सापडला. महादेवराव साताऱ्याकडचे, पन्नाशी उलटलेले. एका गॅरेजसाठी बंद पडलेल्या गाड्या ट्रकवर घालून आणायचं त्यांचं काम. मुलगा कैलास सैन्यात होता आणि दोन वर्षांपूर्वी लडाखमध्ये मरण पावला, एवढंच मला कळलं होतं. शुक्रवारी सकाळी मी त्यांना भेटायला गेलो.

"कुठल्या चकमकीत गेला?" मी वही काढून विचारलं.

"चकमक न्हाई सायेब. गाडी दरीत गेली. कैलासच चालवत हुता, रेशनची गाडी. पाच जण हुते, दोघं वाचले."

मी वहीत काहीच लिहिलं नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. ते उठले, आतल्या खोलीतून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद घेऊन आले. इंग्रजी, टाइप केलेला, खाली सही-शिक्का. सैन्याने केलेल्या चौकशीचा निष्कर्ष होता. रस्त्याचा भराव खचला. चालकाने शेवटपर्यंत ब्रेक धरून ठेवला व ओरडून दोघांना उडी मारायला लावली. चालकाचा दोष नाही.

"सुट्टी संपून निघालो त्या दिवशी पोस्टानं आला. तसाच खिशात घालून विमानात बसलो. हितं नुसरतनं वाचून दाखवला." नुसरत म्हणजे त्यांच्याच खोलीत राहणारा, सरहद्दीपलीकडच्या सियालकोटचा मिस्त्री. "सायेब, त्याच गाडीत शेजारच्या वाडीचा एक पोरगा गेला. त्याची आई रत्नाबाई सगळीकडं सांगती, ड्रायव्हरला डुलकी लागली. सून दुकानाला गेली तर म्हणती, झोपाळू ड्रायव्हरची बायको आली. मी फोनवर सांगितलं, पर सून म्हणती, मामा, तुम्ही बाप हाय, तुम्ही असंच म्हणणार. तुम्ही हा कागद स्टेजवर मराठीत वाचा. चार शिकलेल्या माणसांत. व्हिडिओ मी गावाला धाडतो."

"वाचतो," मी म्हणालो.

"आणि नुसरतला आणू का? बातमी आली तवा तोच हुता माझ्यापाशी."

"या कार्यक्रमाला नको," मी म्हणालो. ते हो म्हणाले, वाद घातला नाही.

संध्याकाळी जयेशना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "राजन, भराव खचला म्हटल्यावर लोक हळहळतील रे, पण उठून उभे नाही राहणार. बघ जरा." त्यांनी खोटं लिही असं म्हटलं नाही. ते मी स्वतः केलं, आणि सहज केलं. सरहद्द डोंगरापलीकडेच होती, रसद सैन्यासाठीच होती, मग उरलं काय? 'शत्रूच्या आगीतून रसद नेताना कैलास धारातीर्थी पडला.' वाक्य लिहून झाल्यावर मी ते सुनीताला, माझ्या बायकोला, मोठ्याने वाचून दाखवलं. तिच्या अंगावर काटा आला. मला वाटलं, जमलं.

कार्यक्रम झकास झाला. पडद्यावर स्फोट, लहान मुलांच्या हातात झेंडे, एसी असून घाम. माझ्या वाक्याला सगळं क्लबहाउस उभं राहिलं. महादेवराव कुणाचा तरी ब्लेझर घालून, खांद्यावर शाल, हातात नारळ, असे मधोमध उभे होते. टाळ्या थांबल्यावर त्यांनी नारळ काखेत धरून ब्लेझरमधून तो कागद काढला आणि माझ्यापुढे केला. मी हसून तो घेतला, फाइलमध्ये ठेवला आणि पुढचं गाणं जाहीर केलं. आजही तो क्षण आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नंतर जेवणाच्या रांगेत ते माझ्यामागे येऊन उभे राहिले. "सायेब, कागद वाचायचा राह्यला."

"वेळ कमी पडला हो."

"आणि ते धारातीर्थी कुठं आलं? आमाला तर लेहच्या पुढं म्हणून सांगितलेलं."

पहिल्यांदा मला हसू आलं. मग ते चेष्टा करत नाहीत हे कळलं. मी सांगितलं, ते गावाचं नाव नाही, लढता लढता मरण आलं की असं म्हणतात.

"पर तो लढत नव्हता," महादेवराव म्हणाले. "गाडी चालवत हुता. चांगली चालवत हुता."

माझ्या मागून कुणीतरी ताट पुढे करा म्हणालं, आणि मी ताट पुढे केलं. व्हिडिओ तोवर ग्रुपवरून साताऱ्याला पोचला होता.

आठ दिवसांनी महादेवराव माझ्या घरी आले. चपला बाहेर काढून सोफ्याच्या अगदी कडेला बसले. कागद मी त्यांना अजून परत केला नव्हता.

"गावात काय म्हणतात म्हायती हाय का सायेब?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "रत्नाबाईनं व्हिडिओ पाच वेळा लावून बघितला म्हणं. तिचं पोरगं त्याच गाडीत हुतं, तिला ठाऊक हाय, गोळी न्हाई आन् शत्रू न्हाई. ती म्हणती, बघा, खरं सांगण्यासारखं असतं तर खोटं कशाला सांगितलं असतं? आता समदं गाव तेच म्हणतंय. दोन वर्सं निम्मं गाव आमच्या बाजूनं हुतं."

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही कोण जाणे.

"सून पण फोनवर रडली. मामा, त्यांना खरंच डुलकी लागली हुती का, म्हणाली. नातू पहिलीत हाय. त्याला शाळेत पोरं चिडवत्यात. आता तुम्हीच सांगा तिला. कागदात हाय तेवढंच."

त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. सुनेचं नाव अपेक्षा. मी नाव सांगितलं, कागद उघडला आणि इंग्रजीवरून मराठी करत सावकाश वाचायला लागलो. पहिल्यांदाच माझ्याकडून एकही शब्द वाढवला गेला नाही. भराव खचला. ब्रेक शेवटपर्यंत धरला. दोघांना वाचवलं. चालकाचा दोष नाही. खालची तारीख वाचली, हुद्दा वाचला, शिक्क्यावरची अक्षरंसुद्धा वाचली. महादेवराव प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

वाचून संपलं तेव्हा तिकडे मागे कुठेतरी पोरगं पाढे म्हणत होतं.

"व्हिडिओत बोलत हुते ते तुम्हीच ना?" अपेक्षाने विचारलं.

"हो."

"मग हे पण तुम्हीच लिहिलंय का?"