नर्सबाईंचा ‘हो’

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर ही माझी कवळी आत्ताच्या आत्ता या चहाच्या कपात पडेल, आणि पुढचा जन्म मला माश्या मारत काढावा लागेल.

तर नर्सबाई घरमालकिणीच्या जिन्याखाली उभ्या होत्या. परका देश, भाड्याची खोली, भिंतीवर वायरवाला जुनापुराणा फोन. मालकिणीने तो फक्त तक्रारी करायला वापरू दिलेला. रिसीव्हर कानाला लावून लावून कान तव्यासारखा तापलेला, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला, आणि फोनमधली यंत्रबाई तिचं तेच गाणं उगाळत बसलेली. एकदाचं गाणं थांबलं.

“इंटरनेटची जोडणी हवी असेल तर यस म्हणा, नको असेल तर नो म्हणा.”

“हो हो, यस,” नर्सबाई म्हणाल्या.

“धन्यवाद,” यंत्रबाई म्हणाली आणि फोन बंद.

दर वेळी हे असंच. धन्यवाद म्हणते म्हणजे काम झालं, असं समजून नर्सबाई माणसाची वाट बघत बसायच्या. माणूस यायचाच नाही. मग पुन्हा जिन्याखाली, पुन्हा ते रडकं गाणं.

मोबाइलची तर आणखी तऱ्हा. दुकानदार म्हणे, नंबर देतो, आधी बँकेत खातं दाखवा. बँकवाली म्हणे, खातं उघडते, आधी मोबाइल नंबर सांगा, त्यावर कोड येईल. नर्सबाई या दारातून त्या दारात, कॅरमच्या सोंगटीसारख्या.

आणि वेळ कुठली, तर अप्पांच्या डोळ्याची. अप्पा म्हणजे नर्सबाईंचे वडील, तिकडे घरी. एक डोळा कधीचाच गेलेला. दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टर म्हणाले होते, बघू, आशा ठेवा. पण अप्पांनी भलताच हट्ट धरला. “पट्टी निघाली की पहिलं तोंड माझ्या पोरीचं. नाहीतर राहू दे पट्टी तशीच. मला कुठे पेपर वाचायचाय?”

वहिनीने घरमालकिणीच्या फोनवर हे सांगितलं तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, “हो, करते काहीतरी.”

दुसरं म्हणणार काय? त्यांना ‘नाही’ म्हणताच यायचं नाही. वॉर्डात कुणी म्हटलं, सिस्टर, जरा उशी वर करता? हो. माझी रात्रपाळी घेता? हो. लग्न झालं तरी माहेरचं बघशील ना? हो. लग्न राहिलंच, माहेर तेवढं बघितलं. शेवटी परदेशातल्या वृद्धाश्रमात नोकरी आली, भाऊ म्हणाला, जातेस का, त्यालाही हो.

पट्टी काढायचा दिवस उजाडला. ड्यूटी आटपून नर्सबाई गणवेशातच धावत फोन कंपनीच्या दुकानात गेल्या. काउंटरवर टाय लावलेला माणूस. बोलणं झालं तिथल्या भाषेत, मी आपल्या भाषेत सांगते.

“मॅडम, तुमची जोडणी रद्द झालीय.”

“कुणी केली?”

“तुम्हीच. दर वेळी तुम्ही फोन करून नको म्हणता.”

“मी? अहो, मी आयुष्यात कुणाला नको म्हटलं नाही.”

त्याने कीबोर्ड बडवला आणि रेकॉर्डिंग लावलं. यंत्रबाईचा प्रश्न आला, आणि मागून नर्सबाईंचाच आवाज आला. “हो हो.”

“ऐकलंत? नो, नो.”

“अहो, ते हो आहे. आमच्यात यसला हो म्हणतात.”

“यंत्राला नो ऐकू येतं, मॅडम. मलाही.”

“आणि त्यापुढचं यस?”

“तोवर ते कामाला लागलेलं असतं. आता असं करा, घरी जाऊन पुन्हा फोन लावा.”

नर्सबाईंनी डोळे मिटले. मग उघडले. काउंटरवर नवे कोरे फोन मांडून ठेवले होते, एकेकाला चोरी होऊ नये म्हणून वायरने बांधलेलं. चालू होते, इंटरनेटही होतं. नर्सबाईंनी त्यातला मोठ्यातला मोठा उचलला.

“मॅडम, ते बघायला ठेवलेत. खाली ठेवा.”

“नाही,” नर्सबाई म्हणाल्या. आपल्या भाषेत, चांगलं ठणकावून. “नाही ठेवत.”

आणि गंमत बघा, हे मात्र त्याला भाषांतर न करता कळलं. तो टाय सारखा करत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

वायर तोकडी, म्हणून नर्सबाई कमरेत वाकून उभ्या राहिल्या. त्यात आपलं ईमेल उघडून वहिनीला व्हिडिओ कॉल लावला.

“अहो वन्सं, होतात कुठे? डॉक्टर कधीचे हात धुऊन बसलेत. अप्पा पट्टीला हात लावू देईनात.”

“आली का ती?” मागून अप्पा.

“आले अप्पा. काढू द्या आता.”

डॉक्टरांनी हलक्या हाताने पट्टी सोडवली. वहिनीने फोन अप्पांच्या तोंडासमोर धरला. अप्पांनी मान जराशी डावीकडे केली. वहिनीने फोन डावीकडे नेला. अप्पा बघत राहिले. डॉक्टर सोडवलेली पट्टी गुंडाळत बसले.

“दिसतेय का मी, अप्पा?”

“हो,” अप्पा म्हणाले. “हो तर. वाळलीस गं. आणि तो चष्मा घसरलाय बघ नेहमीसारखा. वर कर.”

नर्सबाईंनी बोटाने चष्मा वर केला.

घ्या. कवळी अजून जागेवर आहे, पण हलायला लागलीय, तेव्हा सांगून टाकते. ते चष्मा वर केल्याचं तेवढं मी घातलं. चष्मा त्या दिवशी नाकावर नव्हताच. सकाळी त्याची काडी मोडली होती आणि तो पर्समध्ये पडला होता.

अप्पा मात्र म्हणाले ते तसंच म्हणाले. आणि नर्सबाईंनी दुकानात सगळ्यांच्या देखत, वाकलेल्या तशाच, मोकळ्या नाकावरून बोट वर नेलं.

“हो अप्पा,” त्या म्हणाल्या. “केला वर.”