तुंबलेला थोरला

त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. चार दिवसांची झड सरली होती, वारा पडला होता. अशा उन्हात कुणाचं काही वाईट होईल असं वाटलंच नसतं.

मी पाणथळीकाठच्या रस्त्याखालचा सिमेंटचा पाइप बोलतोय. एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला सोडायचं, एवढंच माझं काम. वरून कोण गेलं ते मला चाकांवरून कळतं, पावलांवरून कळतं.

हा रस्ता राखणारा मैलकुली म्हातारा पलीकडेच राहतो. तो आणि बायको, दोघंच, मूलबाळ नाही. दर वर्षी पावसाआधी तो वाकून माझ्यात शिरायचा, फावड्याने गाळ ओढायचा आणि पाणथळीत भिरकावायचा. सगळेच तसं करत. म्हातारी काठावरून विचारायची, "थोरल्याचं नाक शिंकरून झालं का?" थोरला म्हणजे मी.

मग एका वर्षी यंत्र आलं. त्याने चर खरवडले आणि चिखलाचे ढीग गवतात लोटले. पाखरांची घरटी अंड्यांसकट गाडली गेली. त्यानंतर नियम निघाला, पाणथळीजवळ खोदायचं तर आधी परवानगी. त्या नियमाला मी नावं ठेवणार नाही. ती पाखरं किती दिवस ओरडत होती, ते मी ऐकलंय.

रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाने त्या नियमाचा कागद वाचला आणि म्हाताऱ्याला बजावलं, परवानगी येईपर्यंत फावडं लावायचं नाही. म्हाताऱ्याला वाचता येत नाही. कागदावरचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ. तो रोज यायचा, माझ्या तोंडाशी उकिडवा बसायचा, हात घालून गाळ किती चढला ते बघायचा. "येईल रे परवानगीचा कागद," म्हणायचा आणि तसाच परत जायचा.

कागद आला नाही. पाऊस आला. मी गळ्यापर्यंत भरलेलो. पाणी जाणार कुठून? ते रस्त्यावर चढलं.

त्या उन्हाच्या सकाळी म्हातारीच्या छातीत कळ आली. दवाखान्याची गाडी आली ती पाण्याच्या अलीकडेच थांबली. म्हाताऱ्याने तिला पाठुंगळीला घेतलं. कमरेएवढ्या पाण्यातून तो माझ्या डोक्यावरून चालला होता. मध्यावर त्याची पावलं थांबली. बराच वेळ थांबली. मी समजलो, म्हातारी गेली.

आठवड्याने पाणथळींचं बघणाऱ्या कार्यालयातल्या बाई पाहणीला आल्या. परवानगी अजून का नाही, असं मुकादमाने विचारलं. बाईंनी त्याच्याच हातातला नियमाचा कागद उलटा केला. मागे लिहिलं होतं, पाइपातला गाळ हाताने काढायला परवानगी लागत नाही. फक्त तो पाणथळीत टाकू नये, वाहून न्यावा. मुकादमाची मान खाली गेली. म्हातारा फावडं घेऊन आत शिरला.

आता मी अगदी मोकळा आहे. तरी तो रोज येतो, माझी भिंत हाताने पुसत बसतो. बाबांनो, कागद हातात आला तर दोन्ही बाजू वाचा. वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. मला आणखी काय सांगता येणार?

काल अंधारून आलं तरी तो उठेना. शेजारचा सायकल दुरुस्त करणारा शोधत आला, वाकून आत बघत म्हणाला, "मामा, पाणी जातंय आता. चला, दोन घास खाऊन घ्या."