पाय करायचा दिवस

नवऱ्याच्या डाव्या पोटरीच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याखाली चार बोटांवर, कातडीखालून काहीतरी सरकत होतं. मातीखालून किडा जावा तसं. पाय हलत नव्हता, पेटकाही नव्हता. एक बारीक लाट उठायची, विरायची आणि थोडी पलीकडे पुन्हा उठायची. तेवढ्या जागेवरचा साबणाचा फेस थरथरायचा. केस असते तर मला ते दिसलंच नसतं.

"पाय बोलतोय," नवरा म्हणाला.

हा त्यांच्या सायकल क्लबातला शब्द. लांबचा पल्ला मारून आलं की पोटऱ्या अशा आपोआप फुरफुरतात, आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. बोलणारा पाय म्हणजे कमावलेला पाय.

"पण काल तू गेला नव्हतास. परवाही नाही."

"माझ्या पायाला उशिरा आठवतं."

मी हसले. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, स्नायूंतलं मला काही कळत नव्हतं. त्याने पाण्यात मीठ टाकून प्यायला सुरुवात केली, केळी खाल्ली, पाय भिंतीला टेकवून ताणले. क्लबातल्या सगळ्यांनी आपापले उपाय सांगितले. मेहनतीची खूण आहे, यावर एकमत होतं. सायकलवाल्यांशिवाय दुसऱ्या कुणी या थरथरीचं असं कौतुक केलं नसतं.

नवरा कारखान्यात लेथवर काम करायचा, म्हणून क्लबात त्याला टर्नर म्हणत. कप्तानचं टायरचं दुकान होतं. तिसरा दाताचा डॉक्टर आणि चौथा पोस्टमन. हे चौघे दरवर्षी सांघिक शर्यतीला उतरायचे. चाकामागे चाक, मधे वीतभर अंतर, आणि पुढचा दमला की मागचा पुढे. पाचवा शिंपी. तो राखीव होता, आणि वर्षानुवर्षं राखीवच राहिला होता.

पायांवरचे केस काढायचं वेड त्यांना कप्तानने लावलं. पडल्यावर जखमेत खडी जाते, केस असले की धुता येत नाही, पट्टी काढताना जीव जातो, असं तो समजावायचा. "खरं कारण सांगू का वहिनी," शिंपी म्हणायचा, "पोटऱ्या दिसतात." पार्लरमध्ये जायचं तर लाजही वाटायची आणि परवडायचंही नाही. मग स्वस्तातले सगळे प्रयोग आमच्या घरी झाले.

आधी क्रीम. मी सांगितलं होतं की ते तीव्र अल्कली असतं. केस ज्या प्रथिनाचा, कातडीचा वरचा थरही त्याच प्रथिनाचा, आणि क्रीमला त्यातला फरक कळत नाही. घड्याळ लावून बसा. दातांचे डॉक्टर क्रीम लावून फोनवर बोलत राहिले आणि पुढचा आठवडा त्यांनी पेशंट उभ्याने तपासले. मग कप्तानने स्वयंपाकघरात साखर, लिंबू आणि पाणी आटवून मेण केलं. पाक फार पुढे गेला. शिंप्याच्या नडगीवर गोळीसारखा कडक थर बसला, निघेचना.

"चाटून काढा आता एकमेकांचं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "मला एक मुलगी हवी होती. देवाने ऐकलं, पण असं ऐकलं."

शेवटी जे ठरलं ते सगळ्यांत साधं होतं. केस फार वाढले असतील तर आधी ट्रिमर, मग सुटं ब्लेड बसणारा जुना स्टीलचा रेझर आणि अंगाचा साबण. कोमट पाण्याने पाय भिजवायचे, दर खेपेला ब्लेड नवं, हात हलका. शनिवारी दुपारी पाय करायचे. दाढी करावी तसे ते पाय करायचे.

त्यातून एक रीत पडत गेली. कुणी ठरवली नव्हती. शर्यतीला येणार का, असं पाय केलेल्या माणसाला विचारायचं नाही, तो येणार हे धरलेलं. आणि ज्याला थांबायचं असेल त्याने तसं जाहीर करायची गरज नाही. तो केस वाढू देतो, बाकीचे बघतात, आणि कुणी काही बोलत नाही.

शरद संपता संपता नवऱ्याच्या हातातून रेझर पडला. साबणामुळे, असं तो म्हणाला. मग सदऱ्याचं वरचं बटण लागेना. मग कारखान्यात त्याला मोजमापाच्या कामावर बसवलं. डॉक्टरांनी स्नायूंत सुया टोचून तपासणी केली, आणि कागद बाजूला ठेवून आमच्याशी बोलले. स्नायूला हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. हुकूम थांबला की स्नायू काही काळ आपलाच फुरफुरतो, मग बारीक होतो. वेग थोडा कमी करणारी गोळी आहे. बरं करणारी नाही.

"सायकल?" नवऱ्याने विचारलं.

"घरात, जागेवर ठेवलेली. जमेल तोवर. रस्त्यावर नको. ब्रेकवर पकड नाही तुमची."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "क्लबात मी सांगेन. तू सांगू नकोस."

"कधी?"

"सांगेन म्हटलं ना."

त्यांना त्याने हाताची नस दबली आहे एवढंच सांगितलं. त्यानंतर तो एकदा गेला. उतारावर त्याची बोटं ब्रेकवर आवळली नाहीत, त्याचं पुढचं चाक पोस्टमनच्या मागच्या चाकाला घासलं. कुणी पडलं नाही. घरी येऊन तो बराच वेळ सायकल पुसत बसला. पुढे सर्दी, कारखान्यातलं जादा काम, आईचं दुखणं अशी कारणं सुरू झाली. सासूबाईंचं काही दुखत नव्हतं. त्यांनी ते खोडूनही काढलं नाही.

पण शनिवार चुकला नाही. दुपारी तो न्हाणीघरात स्टुलावर बसायचा आणि म्हणायचा, "पाय कर." मी करायचे. सुरुवातीला मी पोटरीला टेप लावून बघायचे, पण टेप दिसली की तो तोंड फिरवायचा. मग मी फेस चोळताना हातानेच माप घेऊ लागले. घोट्याच्या जरा वर माझा अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना भेटत नसत. आता ती भेटू लागली होती. मापाला मान द्यायची मला सवय आहे. त्या मापाला मी मान दिला नाही. ब्लेड बदललं आणि पुढे गेले.

शर्यत जवळ आली. उरलेले तिघेच सराव करत होते. शिंप्याला चौथा घेऊन त्यांनी रांगेत चालवायला हवं होतं, वीतभर अंतराची सवय एका दिवसात होत नाही. पण जागा रिकामी नव्हती. जागेवर माझा नवरा होता, पाय केलेला.

त्या शनिवारी स्टुलाला पाठ नाही म्हणून मी त्याला मागच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. सासूबाई खिडकीशी मटार सोलत होत्या. डावा पाय करून झाला होता, उजव्याला फेस लावत होते, तेवढ्यात कप्तान आणि शिंपी आले. कप्तानने नवं टायर आणलं होतं.

"हे बघ, टर्नर. ओल्या रस्त्यावर चिकटून चालतं."

"सासऱ्यासारखं," शिंपी म्हणाला. "एकदा चिकटलं की सुटका नाही."

"तुझा सासरा अजून आहे?"

"आहे की. माझ्याच दुकानात बसून माझीच शिलाई उसवतो."

नवरा हसला. टायर त्याने मांडीवर घेतलं, दोन्ही तळहातांमध्ये दाबून बघितलं. बोटांनी नाही. कप्तानने खिडकीकडे पाहिलं.

बादलीतलं पाणी गार झालं होतं. मी उठायला लागले तर शिंपी म्हणाला, "बसा वहिनी, मी आणतो." पाणी उडू नये म्हणून त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बादली उचलली. तो परत आला तेव्हा नवरा त्याच्या पायांकडे बघत होता.

शिंप्याच्या पायांवर दाट काळे केस होते. सगळ्यांत आधी पाय करायचा तो शिंपीच. राखीव असूनही हंगाम सुरू व्हायच्या आत त्याचे पाय तयार असायचे, आणि बाकीचे त्याला चिडवायचे की याने गुडघ्याला बाशिंग बांधलंय.

"यंदा पाय केले नाहीस?" नवऱ्याने विचारलं.

"ब्लेडं संपली."

"कप्तानच्या दुकानाशेजारी मिळतात."

"सवड नाही रे. शाळेचे गणवेश आलेत. ढीग पडलाय."

"अस्वल झालंय तुझं."

"बायकोही तेच म्हणते," शिंपी म्हणाला आणि पँट खाली करू लागला.

"राहू दे. बघू दे मला."

शिंपी तसाच उभा राहिला. मटार सोलल्याचा आवाज थांबला.

"हे एका महिन्याचे नाहीत," नवरा म्हणाला. "थंडीपासून वाढवतोयस. माझी जागा घ्यावी लागू नये म्हणून."

शिंप्याने कप्तानकडे पाहिलं.

"कप्तान, तुम्हा सगळ्यांना माहीत होतं," नवरा म्हणाला.

"हँडल धरताना दिसतं रे," कप्तान हळूच म्हणाला. "आम्ही मागेच असतो तुझ्या. नस दबलेला हात असा नसतो. आपला दातांचा डॉक्टर पहिल्यांदा बोलला, मग आम्ही सगळेच बघायला लागलो."

"मग विचारलं का नाहीस?"

"पाय केलेले होते तुझे."

नवरा खाली बघत राहिला. उजव्या पायावरचा फेस वाळायला लागला होता, आणि त्याखाली, मांडीच्या बाजूला, तीच बारीक लाट उठत होती. आता ती कुणालाही दिसली असती. कप्तानने टायर त्याच्या मांडीवरून उचललं आणि खांद्यात अडकवलं.

"आपण तिघंच उतरू," तो म्हणाला. "कधीतरी होतं असं. तू सावकाश बघ."

"तिघांना घेत नाहीत."

"बघू ना. बोलून बघू."

"कप्तान, तू खोटं बोलायला लागलास की टायर खांद्यावर घेतोस."

सासूबाई उठल्या. त्यांनी माझ्या हातातला रेझर घेतला, पाण्यात बुडवला, आणि माझ्याकडे नाही, मुलाकडे बघत विचारलं, "करायचा का दुसरा?"

मी त्याचा घोटा धरून बसले होते. मला वाटलं, तो हो म्हणेल. मला तो हो म्हणायला हवा होता.

"नको, आई," तो म्हणाला. "पुसून टाका." मग शिंप्याकडे वळला. "मी शर्यतीला येत नाही. यंदा नाही, पुढेही नाही. माझी सायकल संपली. चौथा तू."