यादोरावांचं खत खालच्या बांदीत

आसगावच्या यादोरावांना डुकराच्या खताची कल्पना पुतण्यानं दिली. भुपेंद्रनं गावाबाहेर वराहपालन सुरू केलं होतं आणि खताचा ढीग डुकरांपेक्षा उंच झाला होता. "काका, शेणखतापेक्षा जोरदार आहे हे. पण थोडंथोडं टाकजा," तो म्हणाला. पहिलं वाक्य ऐकूनच यादोराव ट्रॅक्टर बघायला निघाले होते.

ज्येष्ठात, जमीन मोकळी असताना, चार ट्रॉल्या खत त्यांच्या बांदीत पडलं. बांदी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेलं धानाचं वावर. ही बांदी मुरमाड, पाणी न धरणारी. तिच्या खाली, उतारावर, कृष्णरावांची बांदी. बाकीची जमीन मुलांच्या वाट्याला गेल्यामुळे यादोरावांच्या घरी वर्षभर खायचा धान या एकाच बांदीतून येई. म्हणून त्यांची बायको ललिताबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अवो, यंदा धान नाही झाला तं मी काय हे खत शिजवू?"

वास असा सुटला की कृष्णराव आठ दिवस लांबच्या वाटेनं शेतावर गेले.

"काहून गा यादो, गावाले हाकलून लावतं का?"

"पाहाशील. पोळ्यापर्यंत पाहाशील."

पोळ्यापर्यंत सगळ्या गावानं पाहिलं. यादोरावांचा धान कावीळ झाल्यासारखा पिवळा होता. आणि कृष्णरावांचा, ज्यांनी खताचं एक टोपलंही टाकलं नव्हतं, तो काळाभोर हिरवा आणि कमरेइतका उंच! यादोरावांनी धुऱ्यावर उभं राहून बराच विचार केला आणि सरळ तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष तुलाराम यांच्याकडे गेले.

बैठक मंदिराच्या मंडपात भरली. तुलारामनं रजिस्टर उघडलं.

"चार ट्रॉल्या खत, तुलारामभाऊ! यानं टोपल्यानं उचलून नेलं."

"मी? त्या वासात?" कृष्णराव उसळले. "माही म्हैस त्या धुऱ्याजवळ उभी राहत नव्हती, मी राहीन?"

"मंग माह्यं खत कुठी गेलं? त्याले काय पाय फुटले?"

यादोरावांची नात गुड्डी सातवीत होती. ती उठून गेली आणि बुडाला भोक असलेली कुंडी घेऊन आली. त्यात तिनं आजोबांच्याच बांदीतला मुरूम भरला, वर गूळ फोडून पसरला आणि कुंडी दोन विटांवर ठेवून खाली वाटी सरकवली. मग वरून हळूहळू तीन लोटे पाणी ओतलं. सगळे माना वाकवून बघत राहिले. गूळ विरघळत नाहीसा झाला. खालची वाटी थेंबाथेंबानं भरली.

"अध्यक्षकाका, चाखून पाहा."

तुलारामनं घोट घेतला. "गोड आहे." खात्री करायला आणखी एक घोट घेतला. निर्णय घाईनं देऊ नये म्हणून वाटी संपवली.

"आता वरचा मुरूम चाखा."

"ते राहू दे, माय."

"खतातला नत्र असाच पाण्यात विरघळते, आबाजी," गुड्डी म्हणाली. "धानाची मुळं असती तं त्यांनी तो पिऊन घेतला असता. पण तुम्ही खत टाकलं तवा रोपं लावायची होती, रोवणा व्हायचा होता. बांदीत मुळंच नव्हती. पाऊस आला, नत्र मुरमातून खाली झिरपला आणि धुऱ्याच्या बुडातून कृष्णाआबाच्या बांदीत निघाला. त्यांची माती पाणी धरते, म्हणून रोवणा होईस्तोवर तिथंच राहिला."

यादोरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हणजे चोरी पाण्यानं केली. पण माल तं माहाच नं? लिहा तुलारामभाऊ. खालच्या बांदीतल्या धानाचा सगळा जोर यादोरावचा. अर्धं पीक माहं."

"वाऽ! वरचं पाणी येईल ते खालच्यानं घ्यावं, हे आजा-पणजापासून चालून राहिलं. पुरात तुही रेती आली तवा मी वापस केली का?"

तुलारामनं दोघांचंही म्हणणं लिहून घेतलं. यादोरावांनी आपल्या ओळीखाली ठसठशीत सही केली. निर्णय मात्र झाला नाही.

आता गंमत अशी की, नत्र कमी पडला तर धान पिवळा होतो, आणि जास्त झाला तर उंच वाढतो, पण दांडा मऊ राहतो. दिवाळीच्या तोंडावर दोन दिवस वारा-पावसाची झड आली आणि कृष्णरावांचा धान चटई अंथरल्यासारखा आडवा झाला. कापणीचं यंत्र बघून परत गेलं. गावातले मजूर आपापल्या कापणीत गुंतलेले. कृष्णराव तडक मंडपात आले.

"तुलाराम, ते रजिस्टर काढ. यादोची ओळ मोठ्यानं वाच."

तुलारामनं वाचली.

"आयकलं? जोर याचा. आता यानं आपला जोर उचलून न्यावा!"

यादोराव पायाकडे बघत म्हणाले, "तवा मी रागात होतो."

"सही तं लय शांतपणानं केली दिसते," तुलाराम म्हणाला.

ललिताबाई मागच्या खांबाशी बसल्या होत्या. त्यांच्या बांदीतून यंदा तणसच, म्हणजे नुसता पेंढा, निघणार होती, आणि घरातला तांदूळ महिनाभरच पुरला असता. त्या कृष्णरावांपुढे आल्या. "भाऊजी, लोळलेला धान असाच ओलीत राहिला तं?"

"आठ दिवसांत कोंब फुटतीन."

"मंग आम्ही विळे घेऊन येतो. कापू, बांधू, मळू. अर्धा धान आमचा."

"अर्धा? वहिनी, माही बांदी आहे ते!"

"मंग कोंब मोजत बसा."

कृष्णरावांनी आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला पुन्हा काळं भरून आलं होतं. "विळे धारदार आणजा," ते म्हणाले.

पाच दिवस चिखलात वाकून तिघांनी धान कापला. कोण किती हळू कापतो यावरून दोघा म्हाताऱ्यांची जुंपलेली होतीच, पण विळे थांबले नाहीत. मळणी झाली, वाटणी झाली, आणि यादोरावांच्या अंगणात धानाची पोती उतरली. वर्षभर पुरतील एवढी.

यादोरावांना पाठ सरळ करता येत नव्हती. तशाच वाकलेल्या अवस्थेत त्यांनी मूठभर धान हातात घेतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "काही म्हण, आहे माह्याच खताचा."

"हो, हो," ललिताबाई म्हणाल्या. "पहिले ते पोतं तं धरा."