बटणाच्या मापाची गिटार

"गिटारीला वीज कशाला लागते?" अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले. "मी साठ वर्षं शिलाई मशीन पायानं चालवलं. माझं काही अडलं?"

कानाशी, कारण दुकान इतकं अरुंद की आम्ही एकामागे एक उभे होतो. पुढे माझी सात वर्षांची भाची, मग तिचा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ, मग मी, आणि माझ्या पाठीला टेकून आमचे वडील. भिंतीभर गिटारी टांगलेल्या. अण्णा उभ्या-उभ्या प्रत्येकीची कड चाचपत होते, जणू ट्रायलला आलेले कोट.

भाचीला सगळे बटण म्हणतात. शिंप्याची नात, दुसरं काय म्हणणार? गेलं वर्षभर ती बॅडमिंटनच्या रॅकेटवर गिटार वाजवत होती. शेवटी रॅकेटच्या तारा तुटल्या आणि वहिनीनं हात टेकले. सकाळीच भावाचा फोन आला होता: "ताई, अण्णांना घरीच ठेवता आलं तर बघ ना." मी बघितलं. अण्णा बूट घालून दारात बसले होते.

भावानं सगळ्यात मोठी गिटार उचलली. "हीच घेऊ. दहा वर्षं बघायला नको."

"वाढत्या अंगाची?" अण्णांच्या खिशातून मापाची टेप निघाली. दुकान बंद करून पाच वर्षं झाली तरी ती खिशात असतेच. आमच्या बाजूनं पुढे वाकून त्यांनी बटणाचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत मापला. "बाही पंधरा. अरे, फ्रॉकला आत माया ठेवता येते, उसवून वाढवता येतो. हिला कुठून उसवणार?"

"काका, तुम्ही उद्यापासून इथंच बसा," गिटारवाला म्हणाला आणि त्यानं लहान मापाची लाल गिटार खाली उतरवून तिची वायर स्पीकरला जोडली. वजनाला हलकी, तारा बारीक. बटण स्टुलावर बसली, गिटार मांडीवर घेतली आणि डावा हात तारांवर ठेवला. गिटारीची मान उजवीकडे, आवाजाची बटणं वर, तिच्या कोपराखाली.

"उलटी धरलीस गं," म्हणत भावानं घाईघाईनं ती फिरवली.

बटणानं उजव्या हातानं तार ओढली. कंटाळलेल्या माशीसारखा आवाज आला. आणखी एकदा ओढली. मग तिनं गिटार बापाकडे सरकवली. "नको मला. रॅकेटच बरी होती."

"लिहिते कुठल्या हातानं?" गिटारवाल्यानं विचारलं.

मी जवळच्या एका पिशवीची चेन उघडून आत बघू लागले. भाऊ छताकडे बघत म्हणाला, "उजव्या."

"आजोबा आले की उजव्या," बटण म्हणाली. "बाबा माझा चमचासुद्धा बदलतात."

माझ्या पाठीमागे अण्णांचं चाचपणं थांबलं.

आता सांगायलाच हवं. भाऊ बटणाएवढा असताना अण्णा त्याला दुकानात कापायला शिकवायचे. डावा हात टेपनं कमरेला बांधून, उजव्यात कात्री देऊन. गाठ मी मारायचे, कारण माझी गाठ सुटत नसे. तेव्हा मला त्याचा अभिमान होता. घरी हा विषय निघालाच तर कुणीतरी "काय करणार, कात्री उजव्या हाताचीच असते" म्हणतं, सगळे हसतात आणि कुणीतरी पाण्याचा जग पुढे सरकवतं. भाऊ शिंपी झालाच नाही. लिफ्ट दुरुस्त करतो. पाना डाव्या हातात.

"अहो, मग डावी आहे की एक," म्हणत गिटारवाला मागच्या खोलीत गेला. "रंग तेवढा बघू नका."

रंग शाळेच्या बाकासारखा होता. बटणानं तो बघितलाही नाही. तिनं गिटार मांडीवर घेतली, गिटारवाल्यानं वायर जोडली आणि तिनं डाव्या हाताचा असा फटका मारला की कोपऱ्यातल्या ड्रमवरची झांज आपोआप थरथरली. भाऊ मोठ्यांदा हसला. मग मागे अण्णा आहेत हे आठवून त्यानं हसू गिळलं.

"डाव्या हाताचीही करतात का?" मी म्हटलं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"सगळं मिळतं, ताई. कात्र्यासुद्धा. माझा मुलगा डावखुरा आहे, म्हणून ठाऊक," गिटारवाला म्हणाला.

"हल्ली मिळत असतील," भाऊ पटकन म्हणाला. "तेव्हा कुठे होत्या?"

अण्णा टेप बोटांभोवती गुंडाळत होते. पूर्ण गुंडाळून झाली, तरी खिशात गेली नाही.

"होत्या," ते म्हणाले. "तेव्हाही होत्या. आपल्या गल्लीच्या तोंडाशी, सुया-दोऱ्याच्या दुकानात. मला ठाऊक होतं. मी तुझा हात बांधायला नको होता, बाळा."