कानाकडे जाणारा हात

मी एक ऐकण्याचं यंत्र. आयुष्यभर इतरांचं बोलणं पोचवलं, आज पहिल्यांदाच स्वतःचं बोलतोय. चिमटीत मावेल एवढा माझा जीव. कानामागे बसतो. पाठीवर एक बारीक चाक आहे. वर फिरवलं की आवाज वाढतो, खाली फिरवत नेलं की मी बंद. बंद झालो की मला काही कळत नाही.

माझा मालक छापखान्यातला. यंत्रांच्या धडधडाटात त्याचे कान गेले. तो निवृत्त झाल्यावर लेकीने मला आणून त्याच्या कानावर चढवलं. पहिल्याच दिवशी तो बायकोला म्हणाला, "अगं, तू एवढं बोलतेस?"

"लग्न झाल्यापासून बोलतेय. आत्ता पोचलं होय!"

दोघं हसले. पण ते कौतुक चार दिवसांचं. नळ गळतोय, गुडघा दुखतोय, शेजारीण असं म्हणाली... ती सुरू झाली की त्याचा हात हळूच कानाकडे यायचा आणि मी बंद. सकाळी देवापुढे बसतानाही मध्ये कटकट नको म्हणून तेच. "देवा, माझं ऐक," एवढं म्हणून तो चाक फिरवायचा. पुढे काय मागायचा, मला ठाऊक नाही.

त्या दुपारचंही मला सांगता येत नाही. मी बंद होतो. पेपर वाचून झाल्यावर त्याने मला चालू केलं, तेव्हा शेजारीण दार बडवत होती. बाहेरून परतताना तिने न्हाणीघरातून येणारी त्याच्या बायकोची हाक ऐकली होती.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका आहे, लवकर आणायला हवं होतं.

"बाबा, आईने हाक नाही मारली?" लेकीने विचारलं.

"मारली असेल गं. यंत्र नेमकं बंद पडलं होतं."

असं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. मला राग आला नाही. लेक नवं यंत्र घेऊ म्हणाली, तर त्याने विषय बदलला.

बायको घरी आली ती अर्धं अंग लुळं होऊन. तोंडातून शब्द फुटेना. तो दिवसभर मला चालू ठेवून तिच्या उशाशी बसायचा. मी पंख्याची घरघर पोचवायचो. त्याचं रडणं मी कधी ऐकलं नाही. देवापुढे बसणंही सुटलं होतं. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की आडवा व्हायचा.

एका सकाळी तिच्या तोंडून आवाज आला. "पा..."

"बाबा, आई बोलतेय!" लेक धावत आली.

नीट ऐकू यावं म्हणून त्याने आवाज वाढवायला हात कानाकडे नेला. तो हात पाहिला आणि ती थांबली. तोंड मिटून तिने मान भिंतीकडे वळवली.

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्यापासून.

"आई, बोल ना," लेक म्हणाली.

"नाही बोलणार ती. यंत्र बिघडलं नव्हतं गं. मी बंद केलं होतं. रोजच करायचो."

लेक तडक बाहेर गेली. दार आपटल्याचा आवाज मी त्याला पोचवला.

तो खाटेशी खाली बसला. मला चालू ठेवून तो पहिल्यांदाच देवाशी बोलला. "देवा, मी खोटं बोललो. हिचं ऐकलं नाही आणि तुला मात्र ऐक म्हणत राहिलो. मागायला तोंड नाही. तरी तुझ्याकडेच आलोय."

देव काही बोलला नाही. बोलला असता तर मी पोचवलं असतं.

आता माझं चाक सैल झालंय, फार दिवस चालेनसं वाटत नाही. लेक येते, बापाशी कामापुरतं बोलते. तो माझा आवाज आधीच वाढवून ठेवतो, मग बायकोजवळ बसून दोन्ही हात तिला दिसतील असे पांघरुणावर ठेवतो. तुमच्या कानामागे मी नसेन, पण कुणी बोलू लागलं की तुमचाही हात कशाकडे तरी जातच असेल. तेवढा आवरा, एवढंच मागणं.

काल ती म्हणाली, "पा..." बराच वेळ गेला. "...णी."

शब्द पुरा होईपर्यंत त्याचे हात हलले नाहीत. मग तो पाणी आणायला उठला.