काउंटरमागची खुर्ची

लॉजच्या काउंटरमागची खुर्ची रिकामी झाली, तेव्हापासून मावशींना आस लागली होती. वरच्या मजल्यावरच्या खोल्या झाडूनपुसून त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. खुर्ची मिळाली तर जिना सुटणार होता.

मॅनेजरबाईंची अट एकच, इंग्रजीची तोंडी परीक्षा. परदेशी पाहुण्यांचं बोलणं कळायला हवं, आणि त्यांची निम्मी क्रियापदं म्हणे शेपटीवाली असतात.

शिकवायला घरात सून होती.

"आई, 'लुक' म्हणजे बघणं, 'आफ्टर' म्हणजे नंतर. पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं."

"नंतर बघू म्हणजे सांभाळणं? मग तुझा नवरा मला भलताच सांभाळतो की!"

"बरं, 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सोसणं."

"ते सोड. तेवढं येतं मला."

नुसतं पाठ करून काही टिकेना. शेवटी सुनेनं शक्कल लढवली. एकेक शब्द एकेका कामाला बांधून टाकला. पंखा बंद करताना 'टर्न ऑफ', भांडी जागेवर लावताना 'पुट अवे', ओटा पुसताना 'वाइप डाउन'. बघता बघता मावशींचे हात इंग्रजी बोलायला लागले.

परीक्षेला मॅनेजरबाईंनी त्यांना समोर बसवलं.

"सांगा, 'पुट अवे' म्हणजे काय?"

मावशींचे हात मांडीवर गप्प पडलेले. डोक्यात नुसता अंधार. दुसरा शब्द झाला, तिसरा झाला, तोंडातून ब्र निघेना. मॅनेजरबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"बाई, मी जरा उठू का?"

उठल्या मात्र, आणि गाडी सुटली. पसरलेल्या फायली कपाटात, "पुट अवे!" चुरगळलेले कागद टोपलीत, "थ्रो अवे!" पदर खोचून टेबल पुसलं, "वाइप डाउन!" एक शब्द चुकला नाही. खोली लख्ख झाली.

मॅनेजरबाई कौतुकानं बघतच राहिल्या. "मावशी, पैकीच्या पैकी गुण!"

"मग खुर्ची?"

"छे हो! इतकं लख्ख काम करणारी, वर इंग्रजी जाणणारी बाई काउंटरवर वाया घालवू? परदेशी पाहुण्यांचा मजलाही आजपासून तुमच्याकडेच."

"आणि नापास झाले असते तर?"

"तर काय, आहे तोच एक मजला."

संध्याकाळी सून दारातच उभी होती. "आई, खुर्ची मिळाली?"

"मिळाली की. पुसायला."

सगळं ऐकून सुनेचं तोंड एवढंसं झालं. मग तीच म्हणाली, "जाऊ दे आई, पुढच्या खेपेला आणखी शब्द पाठ करू."

मावशी गुडघे चोळत खाली टेकल्या. "नको गं बाई. अजून थोडं शिकले ना, तर गच्चीसुद्धा माझ्याच गळ्यात पडेल."